लेकरू अत्यवस्थ झाले तर आधी कुठे न्यावे?



पेरण्या आटोपल्या, कोळपण्या सुरू झाल्या. या दिवसांत माझ्याकडे येणारी पत्रे बहुधा खोडमाशीची, नाहीतर हुमणीची असतात. गेल्या पंधरवड्यात एका भगिनीचे असेच पत्र आले. वरचे सगळे पान सोयाबीनचे होते. त्याचे उत्तर मी त्यांना वेगळे कळवले आहे. पण पत्राच्या तळाशी चार ओळी होत्या, त्या काही माझ्या मनातून जाईनात. त्या लिहितात, "आमचे आठ महिन्यांचे बाळ दम लागून निळे पडले. मामंजी म्हणाले, जवळच्या सरकारी दवाखान्यात न्या. भाऊजी म्हणाले, तिथे काही नसते, गाडी करून शहरात लहान मुलांच्या मोठ्या दवाखान्यात न्या. वाद मिटेपर्यंत तास गेला. बाळ वाचले, देवाची कृपा. पण खरे कुणाचे होते?"

ताई, खरे दोघांचेही होते. चुकीचा होता तो मधला तास.

मी डॉक्टर नव्हे. शेतीची पदवी घेतलेला, गावोगाव फिरणारा माणूस. तरी या विषयावर लिहितो आहे, कारण या प्रश्नाचे उत्तर मी एकदा चुकीचे दिले आहे. लिहिलेले सगळे आमच्याकडच्या एका बालरोगतज्ज्ञांना वाचून दाखवले आहे, मगच छापायला दिले.

१९९८ सालची गोष्ट. बालाघाटाच्या डोंगरातल्या एका गावी मी कृषी सहायक होतो. दिवस कपाशीच्या फवारणीचे. एका घरी उरलेले मोनोक्रोटोफॉस थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत ओतून गोठ्याच्या कोनाड्यात ठेवले होते. चार वर्षांच्या पोराने ते सरबत समजून घोटभर प्याले. आजीने मिठाचे पाणी पाजले. पोराच्या तोंडातून फेस, अंगाला घाम, छातीत घरघर. लोक माझ्याकडे धावत आले. "साहेब, तुमीच सांगा, कुठं न्यावं?" मी शिकलेला म्हणून मला विचारले. मी म्हणालो, "तालुक्याच्या दवाखान्यात काय आहे? थेट जिल्ह्याला न्या."

तालुक्याचे ग्रामीण रुग्णालय ११ किलोमीटरवर होते आणि जिल्ह्याचे ठिकाण ७० वर. जीप त्या रुग्णालयाच्या फाटकासमोरून गेली, थांबली नाही. घाट उतरायच्या आत पोर गेले. जिल्ह्याच्या डॉक्टरांनी मला एवढेच विचारले, "वाटेत कुणी ॲट्रोपिन दिलं नाही का?" ॲट्रोपिनची कुपी त्या फाटकाच्या आत होती. त्या बाटलीवरच्या लेबलावर प्रतिविषाचे नाव छापलेले असते हे शेतकऱ्यांना शिकवणारा मीच होतो.

तेव्हापासून मी हा विषय समजून घेत आलो आहे. जे कळले ते तुमच्यापुढे मांडतो.

अतिदक्षता म्हणजे काय?

अतिदक्षता विभाग म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे काचेचे दार, नळ्या आणि यंत्रे येतात. पण ही पद्धत सुरू झाली ती यंत्राने नव्हे, माणसांच्या हातांनी. १९५२ साली डेन्मार्कच्या कोपनहेगन शहरात पोलिओची मोठी साथ आली. ज्यांचे श्वासाचे स्नायू लुळे पडत, त्यांच्यातले दहापैकी आठ-नऊ रुग्ण दगावत. ब्यॉर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञाने बारा वर्षांच्या एका मुलीच्या गळ्यातून श्वासनळीत नळी घातली आणि रबरी पिशवी हाताने दाबून तिला श्वास दिला. मुलगी वाचली. मग वैद्यकीय महाविद्यालयातले सुमारे दीड हजार विद्यार्थी पाळ्या लावून, रात्रंदिवस पिशव्या दाबत बसले, आणि मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने उतरले. पुढे १९५५ साली स्वीडनमधल्या गोथेनबर्ग येथे खास मुलांसाठी असा विभाग निघाला.

म्हणजे अतिदक्षतेचा गाभा काय? रुग्णाला स्वतःचा श्वास, स्वतःचे रक्ताभिसरण सांभाळता येत नाही, तेवढा वेळ ते काम दुसऱ्याने करायचे आणि क्षणभरही नजर हटवायची नाही. तशीच हाताने दाबायची पिशवी, जिला अंबू बॅग म्हणतात, आज ग्रामीण रुग्णालयातही असते. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे तिचे काम पडणार आहे.

मुलांसाठी वेगळा विभाग कशाला?

आपण मिरचीची रोपे गादीवाफ्यावर वाढवतो, एकदम रानात टाकत नाही. रोप म्हणजे लहान झाड नव्हे, त्याची तऱ्हाच वेगळी. मुलाचेही तसेच आहे. मोठ्या माणसाच्या श्वासनळीला थोडी सूज आली तर त्याला खोकला येतो. तेवढीच सूज तान्ह्या बाळाला आली तर वाट जवळजवळ बंद होते. मोठ्या माणसाची प्रकृती ढासळताना दिसते. मुलाचा रक्तदाब मात्र शेवटपर्यंत टिकून राहतो आणि मग एकाएकी कोसळतो. तोपर्यंत घरचे म्हणत असतात, "आत्ता तर डोळे उघडून बघत होतं." बाळाचे अंग लवकर गार पडते, रक्तातली साखर लवकर उतरते. औषध किलोवर मोजून द्यावे लागते. दहा किलोच्या पोराला द्यायच्या मात्रेत थोडी चूक झाली तरी ती मोठ्या माणसापेक्षा फार मोठी ठरते.

म्हणून मुलांच्या अतिदक्षता विभागात बारीक नळ्या, लहान पट्टे, मुलांसाठीचे व्हेंटिलेटर लागतात. आणि त्याहून महत्त्वाची म्हणजे रोज अशीच मुले सांभाळणारी नर्स लागते. मी विस्तार खात्याचा माणूस. सगळ्या पिकांचे थोडे थोडे जाणतो. पण डाळिंबावर तेल्या आला तर मी विद्यापीठातल्या रोगशास्त्रज्ञाला फोन करतो, कारण त्याच्या नजरेखालून वर्षाला शेकडो बागा जातात. डॉक्टरांचेही असेच आहे. ज्या विभागात वर्षाला चार अत्यवस्थ मुले येतात आणि ज्या विभागात चारशे येतात, त्यांच्या हाताला सारखी सवय असणार नाही.

हे नुसते माझे म्हणणे नाही. १९९७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक तुलना छापून आली. इंग्लंडमधला ट्रेंट हा विभाग आणि ऑस्ट्रेलियातले व्हिक्टोरिया हे राज्य. दोन्हीकडे अत्यवस्थ मुलांची संख्या साधारण सारखी, वर्षाला हजार-बाराशे. ट्रेंटमध्ये ही मुले अनेक रुग्णालयांत विखुरलेली होती, काही मोठ्या माणसांच्या अतिदक्षता विभागातही. व्हिक्टोरियात बहुतेक मुले मेलबर्नच्या एकाच बालरुग्णालयात आणली जात. ट्रेंटमध्ये दर शंभरी ७.३ मुले दगावली, व्हिक्टोरियात ५.०. आजार किती गंभीर होता हे हिशेबात धरले तरी फरक उरलाच. त्याच वर्षी इंग्लंडच्या सरकारने ठरवले की गंभीर मुलांची अतिदक्षता थोड्या, पण मोठ्या केंद्रांत एकवटायची.

तेव्हा भाऊजींचे म्हणणे खरे होते. ज्या मुलाला खरोखर अतिदक्षतेची गरज आहे, त्याला ती मुलांच्या विभागातच मिळावी.

वाट हाही उपचाराचा भाग

पण इथेच आपली गफलत होते. इंग्लंडने नुसते "सगळ्यांनी मोठ्या शहरात जावे" असे म्हटले नाही. मुलाला आणण्यासाठी खास पथके उभी केली. अत्यवस्थ मूल आधी जवळच्या साध्या रुग्णालयात जाते. तिथले डॉक्टर श्वास मोकळा करतात, सलाईन लावतात, औषध सुरू करतात. मग मोठ्या केंद्रातले डॉक्टर आणि नर्स गाडी घेऊन तिथे येतात, मुलाला स्थिर करतात आणि वाटभर सांभाळत नेतात. म्हणजे मोठ्या दवाखान्याचा उपचार वाटेतच सुरू होतो.

आपल्याकडे अशी पथके सगळीकडे नाहीत. म्हणून पहिल्या थांब्याचे महत्त्व कमी होत नाही, उलट जास्त होते. विषबाधेत ॲट्रोपिनचे पहिले इंजेक्शन, झटके येत असतील तर ते थांबवणारे औषध, दम लागला असेल तर ऑक्सिजन, या गोष्टी ७० किलोमीटरवरच्या उत्तम यंत्रापेक्षा ११ किलोमीटरवर आधी हव्यात. शेताला आग लागली तर आपण आधी जवळच्या विहिरीचे पाणी मारतो, तालुक्याच्या बंबाची वाट बघत हात बांधून बसत नाही. बंबालाही बोलावतो, ते वेगळे.

लहान ठिकाणी काय होऊ शकते, याचा दाखला आपल्या महाराष्ट्रातच आहे. रायगड जिल्ह्यात महाडजवळ बिरवाडीचे प्राथमिक आरोग्य केंद्र. तिथे डॉ. हिंमतराव बावस्कर नोकरीला होते. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने माणसे मरत, त्यांत लहान मुले पुष्कळ. डॉक्टरांनी रुग्णाच्या उशाशी बसून नोंदी केल्या आणि रक्तदाबावरची प्राझोसिन ही साधी गोळी यावर उपयोगी पडते हे दाखवून दिले. पूर्वी गंभीर रुग्णांत शंभरात चाळीसपर्यंत दगावत, ते प्रमाण एकाच्या घरात आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. खेड्यातल्या डॉक्टराने वेळेवर दिलेली गोळी एवढे काम करते. तेव्हा मामंजींचे म्हणणेही खरे होते.

दुसरी वाट

२०१९ च्या जुलैमध्ये माझ्या चुलत भावाच्या वस्तीवर सात वर्षांची नात जमिनीवर झोपली होती. पहाटे पोट दुखते म्हणून उठली. दंशाची खूण दिसेना. थोड्या वेळाने तिच्या पापण्या मिटू लागल्या, थुंकी गिळता येईना. मण्यार चावल्याची ही लक्षणे. भावाचा मला फोन आला. तोच प्रश्न, "दादा, कुठं नेऊ?" या वेळी मी म्हणालो, "आधी ग्रामीण रुग्णालय. मोटारसायकल काढ, पोरीला मधे धरा. मी १०८ ला तिथेच बोलावतो."

तिथल्या डॉक्टरांनी सर्पविषावरच्या लसीच्या दहा कुप्या सलाईनमधून दिल्या. एवढीशी पोर आणि मोठ्या माणसाइतकीच मात्रा? मी विचारले. ते म्हणाले, साप मूल बघून विष कमी सोडत नाही, म्हणून ही लस वजनावर देत नाहीत. अर्ध्या तासात पोरीचा श्वास उथळ झाला. त्यांनी नळी घातली आणि अंबू बॅग दाबायला घेतली. जिल्ह्याच्या ठिकाणी मुलांच्या विभागात फोन करून खाट आणि व्हेंटिलेटर मोकळा आहे की नाही ते विचारले. मग १०८ मधले डॉक्टर ती पिशवी घाटभर, सबंध वाट दाबत गेले. कोपनहेगनचे ते विद्यार्थी मला त्या दिवशी आठवले. पोर चार दिवस व्हेंटिलेटरवर होती. आज ती सातवीच्या पुढे गेली, शाळेच्या कबड्डीत खेळते.

लस जवळ मिळाली, यंत्र लांब मिळाले, आणि मधली वाट रिकामी गेली नाही. तिघांतले एक चुकले असते तर पोर हाती लागली नसती.

कुठे काय असते?

नवजात बाळासाठी आपल्याकडे पायऱ्या ठरलेल्या आहेत. जिथे बाळंतपण होते तिथे बाळाला ऊब आणि श्वास देण्याचा कोपरा असतो. निवडक ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालयांत बाळ स्थिर करण्याचे छोटे युनिट असते. जिल्हा रुग्णालयात विशेष नवजात काळजी कक्ष, ज्याला एस.एन.सी.यू. म्हणतात. त्याच्या वर वैद्यकीय महाविद्यालये आणि मोठी बालरुग्णालये. मुंबईत परळचे बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय तर १९२९ पासून मुलांसाठीच चालले आहे.

ध्यानात ठेवा, एस.एन.सी.यू. हा २८ दिवसांपर्यंतच्या बाळांसाठी असतो. त्याहून मोठ्या मुलासाठी पी.आय.सी.यू. लागतो, आणि तो प्रत्येक ठिकाणी नसतो. कोविडच्या काळात, २०२१ मध्ये, देशातल्या सर्व जिल्ह्यांत मुलांचे विभाग उभारण्यासाठी केंद्राने पैसा मंजूर केला. आपल्या जिल्ह्यात तो विभाग आज कसा चालतो, हे आशाताईंना किंवा आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना आत्ताच, घरात सगळे खुशाल असताना, विचारून ठेवा. दारावरच्या पाटीवरून अंदाज बांधू नका. 'बालरुग्णालय' लिहिलेल्या प्रत्येक ठिकाणी व्हेंटिलेटर असतोच असे नाही.

आणि प्रत्येक आजारी मुलाला शहर गाठायची गरज नाही. जुलाबाला क्षारसंजीवनी आणि जस्ताच्या गोळ्या, साधा ताप, सर्दी-खोकला, बहुतेक न्यूमोनिया, हे जवळच्या दवाखान्यात बरे होतात. उगाच मोठ्या दवाखान्यात गर्दी केली तर खऱ्या गरजवंत मुलाची खाट अडते.

घराच्या भिंतीवर लावून ठेवण्यासारखे

१. ही लक्षणे दिसली की चर्चा बंद, निघायचे: मूल पीत नाही, सगळे उलटून टाकते, झटके येतात, हाक मारून जागे होत नाही, ओठ निळे पडतात, श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जातो. मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे ६० किंवा जास्त, एक वर्षाच्या आतल्याचे ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा जास्त श्वास धोक्याचे.

२. १०८ ला फोन करा. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ पासून आहे आणि तिच्या गाडीत डॉक्टर असतो. गरोदर माता आणि एक वर्षाच्या आतल्या आजारी बाळासाठी १०२ आहे. गाडीला वेळ लागणार असेल तर मिळेल त्या वाहनाने जवळच्या दवाखान्यात पोचा आणि गाडी तिथे बोलवा.

३. कीटकनाशक पोटात गेले असेल तर ओकारी काढू नका. मिठाचे पाणी, दूध, तूप काही पाजू नका. अंगावरचे कपडे काढा, साबणाने अंग धुवा, डाव्या कुशीवर निजवा आणि बाटली लेबलासकट बरोबर घ्या.

४. तान्हे बाळ नेताना आईच्या उघड्या छातीशी धरून वरून पांघरूण घाला. बाळाला नुसत्या दुपट्यात गुंडाळून पाटीवर निजवू नका.

५. पुढे पाठवायचे ठरले तर डॉक्टरांना पाच गोष्टी विचारा. तिथे फोन करून खाट नक्की केली का? मुलांचा डॉक्टर तिथे रात्रीही असतो का? वाटेत बरोबर कोण असेल? ऑक्सिजन वाटेला पुरेल का? काय औषध, किती वाजता दिले, हे चिठ्ठीवर लिहिले का?

६. महात्मा फुले जन आरोग्य योजनेसाठी रेशनकार्ड आणि आधार लागते. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, त्याला भेटा. पण कागद सापडत नाही म्हणून निघायचे थांबू नका. कागद मागून कुणीही घेऊन येईल.

"रेफर केले" म्हणजे डॉक्टरांनी हात झटकले, असे आपण समजतो. कधी कधी ते तसे असतेही. ओळखायची खूण एकच. हात झटकणारा नुसते दार दाखवतो. खरा डॉक्टर आधी उपचार सुरू करतो, मग फोन करतो, चिठ्ठी देतो आणि वाटेची सोय बघतो. असा डॉक्टर तुमच्या तालुक्याला असेल तर त्याला जपा. आणि औषधे, लस, ऑक्सिजन कमी पडत असेल तर ग्रामसभेत उभे राहून विचारा. आपण युरियाच्या पोत्यासाठी तहसीलवर जातो, तर ॲट्रोपिनच्या कुपीसाठी का जाऊ नये?

तर ताई, तुमच्या घरी सांगा. मामंजींची वाट आधी, भाऊजींची वाट मग, आणि दोन्हींच्या मधे वादाला जागा नाही. आज रात्री जेवणे झाली की घरातल्या सगळ्यांनी बसून ठरवून टाका: जवळचा दवाखाना कोणता, गाडी कुणाची, फोन कुणी करायचा, घरी म्हाताऱ्यांपाशी कोण थांबायचे.

आणि सगळ्यांनाच एक हात जोडून विनंती. हा अंक खाली ठेवाल तेव्हा उठून गोठ्यातला कोनाडा बघा. तिथे थंड पेयाच्या बाटलीत काही ओतून ठेवलेले असेल तर ते तिथे ठेवू नका. औषध मूळ डब्यात, कुलुपात आणि मुलांच्या हाताबाहेर. ते चार वर्षांचे पोर आज असते तर तिशी ओलांडून आपल्या रानात कोळपे हाकत असते.

पुढच्या खेपेस सोयाबीनवरच्या चक्रीभुंग्याविषयी बोलू. तोवर राम राम.